वांगं तरंगतं, बटाटा बुडतो

संपादक महोदय,

गावोगावच्या बालवाड्यांत साडेतीन-चार वर्षांच्या पोरांना अक्षरं गिरवायला बसवतात, वर गृहपाठही देतात. २०२० चं शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर देतं. पालकांना मात्र भरलेली वही हवी असते.

आपल्या खानदेशात साहित्य विकत आणायची गरजच नाही. पाण्याच्या घमेल्यात भरताचं वांगं सोडा, तरंगतं. त्याहून लहान बटाटा तळाला जातो. कोण बुडेल हे आधी मुलांना सांगू द्या, चुकू द्या. शेतातला कापूस पाण्यावर बराच वेळ राहतो, कारण त्याच्या तंतूंवर मेणाचा पातळ थर असतो. दवाखान्यातल्या कापसाचा तो थर काढलेला असतो, म्हणून तो लगेच भिजून बुडतो. हे कारण चार वर्षांच्या मुलाला कळणार नाही, आणि घाईही नाही. (सरकी, हरभरे देताना मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसावं, पोरं दाणे नाकात घालतात.)

अंगणवाडी सेविकांना हे येत नाही असं नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदींतून त्यांना वेळ कुठे उरतो? जिल्हा परिषदेने रोज निदान अर्धा तास त्यांना त्यातून मोकळं करावं.

— एक आजोबा, यावल (जि. जळगाव)