बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

रविवार, २८ डिसेंबर २०२५
परतवाड्याजवळून

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईला नीट ऐकू येत नाही आणि इथं डोंगराच्या कडेला रेंज मधेच जाते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर कागदावरच लिहिते आहे. बाबा, आईला सावकाश वाचून दाखवा. एका बैठकीत नाही झालं तर दोन करा.

मी जिथं शिकवते त्या सिस्टरांच्या, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या, शाळेबद्दल तुम्ही विचारलं होतं, "नाताळात तुम्ही त्या शाळेत करता तरी काय?" पारावर कोणीतरी काही बोललं असणार, हे मला लगेच कळलं. मुलींना त्यांच्या धर्मात ओढतात की काय, असं मनात आलं असेल तर सरळ विचारत जा, मला वाईट वाटत नाही. माझ्या वर्गात कोरकू आदिवासी मुली आहेत, बौद्ध आहेत, कुणबी-माळ्यांच्या आहेत, मुसलमानांच्या आहेत. ख्रिस्ती मुली बोटांवर मोजण्याइतक्या. चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जायचं की नाही हे ज्या त्या मुलीवर आणि तिच्या घरावर असतं. पण डिसेंबर महिना सगळ्या शाळेचा असतो, आणि त्यात काय घडतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात. हिरव्या पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटते. यंदा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या तासाला प्रत्येक मुलीनं एका मैत्रिणीच्या नावाची चिठ्ठी काढली. त्या मैत्रिणीसाठी महिनाभर गुपचूप काहीतरी चांगलं करायचं, आणि एक पैसाही खर्च करायचा नाही. गेल्या वर्षी काही मुलींनी घरी हट्ट करून वस्तू आणल्या होत्या आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्या कोमेजल्या होत्या, म्हणून सिस्टरांनी हा नियम केला. मला तो फार पटला. कोणी रोज पाण्याची बाटली भरून ठेवली, कोणी बुडालेल्या तासांची वही उतरवून दिली, तर आठवीतल्या एकीनं वसतिगृहातल्या लहान मुलीच्या वेण्या रोज घालून दिल्या.

आता खरी गोष्ट सांगते, बाबा, कारण ती तुमच्या आवडीची आहे. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. नाताळाच्या आठवड्यातच ती येते, हे इथं येईपर्यंत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अमरावतीहून इकडे येताना वलगाव लागतं, तिथं पेढी नदीजवळ १९५६ साली गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचं शेंडगाव तर अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं, आमच्या पट्ट्यातलंच. यंदा २० तारखेला शनिवार होता, सकाळची शाळा. मुलींनी खराटे घेतले आणि शाळेपासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता झाडला.

त्याच्या दोन दिवस आधी प्रार्थनेत सिस्टरांनी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय वाचला होता. येशू शेवटच्या न्यायाची गोष्ट सांगतो: मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातलं, तहानेला होतो, पाणी दिलं, परका होतो, आसरा दिला, उघडा होतो, वस्त्र दिलं, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही भेटायला आलात. सिस्टर पुस्तक मिटत होत्या तेवढ्यात आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, हे तं आपल्या व्हरांड्यात लिहून हाये."

व्हरांड्यात गाडगेबाबांची दशसूत्री लावलेली आहे. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार. सगळी शाळा त्या फलकासमोर जमली. सिस्टर केरळच्या आहेत, त्यांचं मराठी हळू चालतं. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. मग माझ्या तासाला आम्ही दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या. मुलींचे डोळे किती तेज असतात पाहा! त्यांनीच शोधलं की कैद्यांना भेटणं मत्तयमध्ये आहे, दशसूत्रीत नाही. आणि मुक्या जनावरांना अभय, बेकारांना रोजगार, गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत, गरीब तरुण-तरुणींचं लग्न, दुःखी-निराशांना हिंमत, हे गाडगेबाबांनी वेगळं सांगितलं आहे. त्या दिवशी व्याकरण राहून गेलं. पण ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण लेकरांना शिकवा, हे त्यांचं सांगणं मी मुलींना सांगितलं आणि माझ्या बी.एड.साठी आईनं मोडलेली पाटलीही सांगितली. आई, तुझी गोष्ट इथल्या सगळ्या मुलींना माहीत आहे.

तो तास तिथं संपला नाही. दिवाळीनंतर आमच्या वर्गात बाकं रिकामी पडतात, ते तुम्हाला सांगायला नको. कापसाचा यंदाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल असला तरी वेचायला माणूस मिळत नाही, मग घरची पोर शाळेतून थांबते. नववीतल्या तीन मुली तशा थांबल्या होत्या. फळ्यावरची शेवटची ओळ, दुःखी-निराशांना हिंमत, ही आमची, असं त्यांच्या मैत्रिणींनी ठरवलं. २१ तारखेच्या रविवारी, घरच्यांना विचारून, त्या माझ्याबरोबर आणि एका सिस्टरांबरोबर जवळच्या गावात गेल्या. मला वाटलं होतं, वह्या देतील, चार शब्द बोलतील. पण पोरी ओट्या बांधून सरळ कपाशीच्या पऱ्हाटीत शिरल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत मैत्रिणींच्या शेताचा राहिलेला वेचा उरकला. एकीचे वडील धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, सोमवारी येते पोरगी." ती आली. दुसरीही आली. तिसरी अजून आली नाही, तिच्या घरी आजी अंथरुणाला खिळली आहे. सुटी संपली की मी पुन्हा जाणार आहे.

२३ तारखेला कार्यक्रम झाला. गोठ्याचा देखावा मुलींनी पऱ्हाट्या आणि भुसा-कुटार वापरून केला, खाली शेणानं सारवलं. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी पहिल्यांदा असा देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं, हे कळल्यावर मुली ऐकेनात. शेवटी चौकीदारकाकांची गाय आणि तिचं वासरू आणून बांधलं.

नाटक मात्र आम्ही गोठ्याचं केलं नाही. तू येशूची आई होणार, असा निरोप देवदूत मारियेला देतो, त्यानंतर ती घाईनं डोंगराळ भागातल्या गावी आपल्या नातेवाईक एलिझाबेथकडे जाते. एलिझाबेथ म्हातारपणी गरोदर आहे. ही एवढीच भेट आम्ही दाखवली. मारिया झालेली मुलगी मेळघाटातली कोरकू. गाठोडं डोक्यावर घेऊन ती मंचावर ज्या सवयीनं चालली ते कोणी शिकवून येत नाही. एलिझाबेथ नऊवारीतली, कमरेवर हात ठेवून उभी. दोघी भेटतात तेव्हा मारिया जे गाणं म्हणते त्याचा अर्थ मुलींनी आपल्या शब्दांत बसवला आणि खंजिरीवर म्हटला: देवानं गर्विष्ठांची दाणादाण केली, सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली उतरवलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना भरपूर दिलं. हे सगळं एका तरुण, गरीब मुलीच्या तोंडी आहे, बाबा. मला दर वर्षी नाताळ म्हणजे पाळण्यातलं बाळ एवढंच आठवायचं. आता ही बोलणारी मुलगी आठवेल. मंडपात मागे बसलेल्या आया पदराला डोळे पुसत होत्या, आणि खंजिरी ऐकून तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या भजनांची सवय असलेले म्हातारे ताल धरत होते.

फराळाचं थोडक्यात सांगते. सिस्टरांनी केरळच्या पद्धतीचा प्लम केक केला, पालकांनी करंज्या, चकल्या आणल्या, संत्री तर टोपल्यांनी आली.

वर्षअखेरीला प्रत्येक मुलीनं अर्ध्या पानावर मनन लिहायचं असतं. हे २०२५ वर्ष कॅथलिकांचं ज्युबिली, म्हणजे पवित्र वर्ष, आशेचं वर्ष म्हणून जाहीर झालेलं आहे. ते जाहीर करणारे पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला गेले, ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले आणि ६ जानेवारीला हे वर्ष संपेल. म्हणून विषय होता "माझी आशा". मी सगळे कागद वाचले. एकीनं लिहिलं: पावसानं आमचं सोयाबीन सडलं, पण तूर उभी आहे, माझी आशा तूर आहे. दुसरीनं लिहिलं की ताईचं लग्न ठरवत होते, ताईनं आणि मी मिळून बाबांना समजावलं, आता अठरा पूर्ण झाल्यावर पाहू म्हणाले. हा कागद मी जपून ठेवला आहे.

सुटी लागली तरी वसतिगृहात काही मुली राहिल्यात. त्यांचे आईवडील कामासाठी दूर गेले आहेत, गावी घराला कुलूप आहे. त्यांच्यासाठी मीही थांबले, म्हणून या सुटीत घरी आले नाही. आज चर्चमध्ये पवित्र कुटुंबाचा सण होता. हेरोद राजाच्या भीतीनं जोसेफ बाळ येशूला आणि त्याच्या आईला घेऊन रात्रीच मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला, निघून जातो, तो भाग वाचला. बाहेर आल्यावर एक मुलगी म्हणाली, "जोसेफले तिथं काम भेटलं असन का?" सिस्टर म्हणाल्या, "पुस्तकात ते लिहिलेलं नाही. पण तो सुतार होता, हातात कसब होतं." मुलगी म्हणाली, "माह्या बाबाच्या बी हातात हाये, ते गवंडी हायेत." आणि दिवसभर ती हसतमुख होती.

आजच्याच पहिल्या वाचनात होतं की, लेकरा, बाप म्हातारा झाला की त्याला सांभाळ, त्याची बुद्धी थकली तरी त्याला समजून घे. मी तुमच्यासाठीच ऐकत होते. बाबा, तुमची बुद्धी माझ्यापेक्षा तरतरीत आहे, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. मी जानेवारीत रजा टाकते, अमरावतीला दाखवू.

आणि एक मागणं आहे. ३ जानेवारीला, शनिवारी, सावित्रीबाईंची जयंती आहे. १८३१ चा त्यांचा जन्म. शाळा २ तारखेला उघडते. आजोबांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. गाडगेबाबा लोकांना कसे प्रश्न विचारायचे, कीर्तनाआधी गाव कसं झाडायचे, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंत. मुलींना ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मी सिस्टरांना तुमचं नाव देऊन ठेवलं आहे. दोघंही या. २ तारखेला अमरावतीहून दुपारची परतवाड्याची बस धरा, मी थांब्यावर असेन. आईला स्वेटर आणि कानटोपी दोन्ही घालून आणा, इकडे डोंगराची थंडी आहे. येताना तुरीच्या शेंगा आणा, सोल्यांची भाजी आईच्या हातची खायची आहे. वसतिगृहातल्या मुलींनाही पुरेल एवढ्या आणा.

तुमची लेक