विकण्याआधी टाकी पाण्यात बुडवून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात मोटरसायकलच्या गळक्या टाक्यांवर जे छापून आलं ते वाचून रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. गाडी जुनी, मालक हयगय करणारा आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल, ही तीन कारणं सांगून लेख संपला. नवी टाकी बदलून घेतली आणि तीच गळायला लागली तर त्या माणसानं काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही. टाकी विकणाऱ्याचा तर उल्लेखही नाही. लिहिणाऱ्यानं कधी गाडीच्या टाकीखालून हात फिरवून बघितला आहे का, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय.

माझी गाडी २००६ ची, शंभर सीसी. २०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी होतं आणि गाडी चार दिवस त्यात उभी होती. इंजिन उतरवून घेतलं, टाकी धुतली. पण टाकीत शिरलेलं पाणी पेट्रोलच्या खाली बसतं. फ्रेमवर बसणाऱ्या खोबणीच्या दोन्ही अंगांना जो खोलगट भाग असतो, तिथलं पाणी कॉकमधून (पेट्रोल सोडायच्या तोटीतून) पुरतं कधीच निघत नाही. तिथं आतून गंज धरतो. गेल्या उन्हाळ्यात खालच्या कडेला पाझर फुटला. त्या टाकीबद्दल माझं काही म्हणणं नाही, तिनं चांगली साथ दिली.

नवी टाकी आणली २,८०० रुपयांना. ‘कंपनीच्या तोडीची’ असं सांगितलं गेलं. रंग झकास, स्टिकर झकास. पावती मागितली तर वहीचं पान फाडून त्यावर ‘टाकी १’ लिहून दिलं. पहिल्याच आठवड्यात वास यायला लागला. मेकॅनिक म्हणाला, गळ्यापर्यंत भरलंय म्हणून येतोय, कमी झालं की जाईल. मी ऐकलं.

अकराव्या दिवशीची पहाट मी विसरू शकत नाही. आमच्या घरात अजून तांब्याचा बंब आहे, आणि गाडी लावायची बोळ आणि बंबाची जागा यांच्यात जेमतेम सात-आठ फूट अंतर. साडेपाचला आमच्या सौ. बंबात शेणी-लाकडं रचून काडेपेटी हातात घेऊन बसल्या होत्या. मला झोपेतच वास आला. ‘पेटवू नको!’ म्हणून ओरडत बाहेर आलो तेव्हा गाडीखालची फरशी ओली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत सखल जागेकडे जाते. उणे ४० अंशाच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग कोल्हापूरच्या एप्रिलचं काय सांगावं! ती काडी ओढली गेली असती तर हे पत्र लिहायला मी नसतो आणि कदाचित घरातलं कुणीच नसतं.

गाडी ढकलत रस्त्यावर नेली, कॉकखाली वाटी लावून बसलो. दर दहा सेकंदाला एक थेंब. तासाला ३६० थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर तासाला १८ मिली, रात्रीच्या आठ तासांत दीडशे मिलीच्या आसपास. पैशाचा हिशोब बाजूला ठेवा, तेवढं पेट्रोल बंद बोळीत वाफ होऊन बसलं होतं. आणि थेंब कॉकजवळ पडत असला तरी गळती कॉकची नव्हती. पेट्रोल मागच्या ब्रॅकेटपासून कडेकडेनं ओघळत येऊन सगळ्यात खाली टपकत होतं. इथंच निम्मे लोक फसतात. कॉकचं वायसर बदलतात, कॉक आवळतात, नवा कॉक आणतात, गळती तशीच.

दुकानात गेलो. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, ‘काका, टाकीला काय झालं न्हाई. आता पेट्रोलच असलं येतंय, इथेनॉल खातंय सगळं.’ मी म्हटलं, अकरा दिवसांत पत्रा खाल्ला? तर म्हणाला, ‘मग तुमच्या मेकॅनिकनं कॉक जास्त आवळला असंल. झाळून घ्या की, दीडशे रुपयांत हुतंय.’ झाळणं म्हणजे ज्योत लावून, डाग देऊन भोक बुजवणं. 

इथेनॉलचं मी सांगतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढून घेतं हे खरं, जुन्या गाड्यांची रबरं त्यानं लवकर खराब होतात हेही खरं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग त्या हिशोबानं बनायला लागले, माझी गाडी त्याच्या १७ वर्षं आधीची. पण नव्या कोऱ्या पत्र्याला अकरा दिवसांत भोक पाडायची ताकद त्यात नाही. आपल्याच जिल्ह्याच्या उसातून निघणाऱ्या मालावर कच्च्या वेल्डिंगचं खापर फोडू नये.

आणि ‘झाळून घ्या’ हा सल्ला तर कुणीही कुणाला देऊ नये. पेट्रोल काढून टाकलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं लोकांना वाटतं. भरलेल्या टाकीपेक्षा अशी टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ज्योत लागली की टाकीच फुटते. जाणते कारागीर टाकी दोन-तीनदा धुतात, मग पाण्यानं भरून झाळायचा तेवढाच भाग वर ठेवतात. दीडशे रुपयांत घाईनं करणारा हे करेल याची खात्री कोण देणार?

मी शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षं काम केलं, बहुतेक लेथवर. आमच्या शॉपमध्ये ऑइल इंजिनं व्हायची. इंजिनाची डिझेल टाकी वेल्डिंग करून आली की ती आधी हौदात जायची. बूच मारायचं, थोडी हवा द्यायची, पाण्याखाली दाबून चारी कडा फिरवून बघायच्या. बुडबुडा दिसला की खडूची खूण आणि टाकी परत. आमचे मिस्त्री हौदाचं काम नेहमी नव्या पोराला द्यायचे आणि स्वतः मागं उभे राहायचे. एकदा दिवाळीच्या आधी माल निघायची घाई होती म्हणून कुणीतरी सहा टाक्या हौद चुकवून थेट रंगाला पाठवल्या. मिस्त्रींनी ओला रंग पुसायला लावून सहाच्या सहा परत आणवल्या. पाच चांगल्या निघाल्या, एक गळकी. ते म्हणाले, रंगाखाली गेली असती तर शेतकऱ्याच्या विहिरीवर गळली असती. त्या दिवशी रात्री दहाला सुट्टी झाली, पण कुणी कुरकुरलं नाही. रंगाच्या आधी तपासायची, नंतर नाही, हे तिथं मी शिकलो.

म्हणून मी ती टाकी साबणाच्या पाण्यानं तीनदा धुऊन, दोन दिवस उन्हात तोंड उघडं ठेवून, आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, त्यामुळं झाकण काढून तोंडावर ट्यूबचा तुकडा ताणून बांधला. कॉकच्या नळीतून सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा दिली (जास्त दिली तर पत्रा फुगतो) आणि टाकी टबात दाबली. मागच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगमधून आणि खालच्या शिवणीत दोन ठिकाणी बुडबुड्यांची माळ निघाली. नखानं रंग खरवडला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली. म्हणजे गळती दिसली होती, आणि ती बंद करायच्या ऐवजी झाकली होती. लांबी आणि स्वस्तातला रंग पेट्रोलपुढं आठवडाभर टिकतो, मग फुगतो, मग सोडून देतो. हिशोब बरोबर अकरा दिवसांचा.

पंक्चरवाला किरकोळ पैशांच्या कामासाठी ट्यूब पाण्यात बुडवून गिऱ्हाईकाला दाखवतो. काढायच्या आधी दाखवतो, जोडल्यावर परत दाखवतो. आणि ज्यात दहा लिटर पेट्रोल माणसाच्या मांडीत घेऊन फिरायचं ती टाकी कुणी बुडवून दाखवत नाही. हे मला सहन होत नाही.

ती टाकी घेऊन परत दुकानात गेलो. ‘बिल कुठाय?’ मला बिल दिलंच नव्हतं, ते मलाच विचारलं गेलं. आपल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. कालच्या लेखात यातलं एक वाक्य आलं असतं तरी लोकांचा उपयोग झाला असता. मी अर्ज केला आहे.

जाता जाता आणखी एक. ही टाकी गळत असतानाच माझ्या गाडीची पीयूसी झाली. सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे आले, नंबर प्लेटचा फोटो निघाला, कागद मिळाला. पेट्रोलचा वास त्या मुलालाही आला, तो तसं म्हणालाही. पण टाकीखाली बघणं त्याच्या कामात बसत नाही. धुरातलं न जळालेलं पेट्रोल मोजायचं आणि शेजारी थेंब थेंब पडणारं पेट्रोल सोडून द्यायचं, याला तपासणी म्हणायला माझी जीभ वळत नाही. नळी घालतो तिथंच वाकून एकदा टाकीखाली बघितलं तर अर्धा मिनिट जाईल.

शेवटी मी दुसऱ्या दुकानात गेलो. आधीच सांगितलं, बुडवून बघणार, कोरडी निघाली तर पैसे आणि पक्कं बिल. ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि पोराला टब आणायला सांगितला. पहिल्या टाकीच्या कडेला बुडबुडे आले, ती त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. दुसरी कोरडी निघाली, तीच मी घेतली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. एका दुकानात हे होतं तर गावातल्या बाकीच्या दुकानांत का होऊ नये? या गावात इंजिनं घडली, टाक्या घडल्या, हौद प्रत्येक शॉपमध्ये होता. आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा कृपा करून बातमीदाराला आधी चार दुकानांत पाठवा आणि टाकी बुडवून दाखवा म्हणून विचारायला सांगा. कोण दाखवतं आणि कोण नाही, एवढंच छापा. माझं मागचं पत्र (रंकाळ्याच्या जलपर्णीवरचं) निम्मं कापून आलं होतं. या वेळी जागा कमी पडली तर पुराचा भाग काढा, मिस्त्रींचाही काढला तरी चालेल. बिल आणि ३० दिवसांचा परिच्छेद मात्र तसाच ठेवा.

आपला,
एक निवृत्त टर्नर
शाहूपुरी, कोल्हापूर