मसुरीला जाण्याआधीची दहा वर्षे

मा. मुख्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य.

स.न.वि.वि.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली आणि निवृत्त झालो तो उपजिल्हाधिकारी म्हणूनच. आयएएसच्या निवड यादीत माझे नाव कधी आले नाही. त्याचे रडगाणे गायला हे पत्र नाही. ज्यांची नावे आली, त्यांच्याबद्दल लिहितो आहे.

माझा एक जुना सहकारी, माझ्यासारखाच उपजिल्हाधिकारी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पदोन्नतीने आयएएस झाला. राज्य सेवेत अठ्ठावन्नला घरी गेला असता, आता साठपर्यंत थांबता येणार म्हणून पेढे वाटले. पूर आला की रात्रीत गाव हलवणारा, भूसंपादनाचा अवघड निवाडा सरळ मराठीत लिहिणारा माणूस. मंत्रालयात पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे अंदाजपत्रकाबाहेरच्या जादा निधीच्या, पहिल्याच बैठकीत त्याला कक्ष अधिकाऱ्याने सरकवलेल्या चिठ्ठीवर बोलावे लागले. फोनवर म्हणाला, "तीस वर्षं अनुदान खर्च केलं रे, ते येतं कुठून हे कुणी दाखवलंच नाही."

दोष त्याचा नव्हता. राज्यातील आयएएसच्या ठरावीक पदांपैकी साधारण एक तृतीयांश जागा पदोन्नतीने आणि निवडीने भरल्या जातात. उपजिल्हाधिकारी आठ वर्षांच्या सेवेनंतर नियमाने पात्र होतो, पण प्रत्यक्षात नंबर लागेपर्यंत केस पांढरे होतात. ज्येष्ठतेचे वाद, न्यायालयातली प्रकरणे, रखडलेली विभागीय चौकशी, वेळेत न गेलेले प्रस्ताव, कारणे आपल्या सामान्य प्रशासन विभागाला तोंडपाठ आहेत. निवड समिती गोपनीय अहवाल पाहते आणि उत्कृष्ट, अतिउत्तम, उत्तम असे शेरे देते. महसुलाबाहेरच्या खात्यांतून निवडीने येणाऱ्यांची मुलाखत तरी होते. आमची तीही नाही. नाव लागल्यावर मसुरीच्या आयएएस अकादमीत काही आठवड्यांचे प्रशिक्षण, आणि मग थेट खुर्ची.

थेट भरतीच्या अधिकाऱ्याला मात्र सरकार सुरुवातीपासून घडवते. 2015 पासून तर त्याला कोवळ्या वयातच दिल्लीच्या मंत्रालयांत सहायक सचिव म्हणून बसवतात. आमच्या माणसाला मंत्रालय दिसते ते सुनावणीला किंवा बदलीसाठी.

मागणी साधी आहे. उपजिल्हाधिकाऱ्याची दहा वर्षे झाली की त्याला सलग दोन वर्षे वित्त किंवा नियोजन विभागात प्रत्यक्ष टेबल द्या. निरीक्षक म्हणून नको. टिप्पणी त्याने लिहावी, वित्त विभागाचे आक्षेप त्याने झेलावेत. त्यानंतर एखाद्या महापालिकेत पाठवा. तिथे रोज नगरसेवकांना तोंड देताना जे शिकायला मिळते ते कुठल्याही वर्गात मिळत नाही. बदल्यांच्या 2005 च्या कायद्यात तीन वर्षांचा कार्यकाळ लिहिलेला आहेच. तो या नेमणुकांपुरता तरी पाळा.

आणि यशदा, आपल्या राज्याची अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था! पुण्याच्या त्या सुंदर आवारात नेमणूक झाली की आमच्यात विचारतात, "काय, कुणाला दुखावलंस?" शिकवणारी जागाच साईड पोस्टिंग समजली जात असेल, तर शिकायला कोण मनापासून जाईल? चांगली कामगिरी केलेल्या जिल्हाधिकाऱ्यांना तिथे मानाने पाठवून पाहा.

माझा सहकारी आता निवृत्त झाला आहे. अंदाजपत्रक त्याला शेवटच्या वर्षी नीट कळू लागले होते.

आपला नम्र,
एक निवृत्त उपजिल्हाधिकारी