बापूस पत्र : सायकल घेण्याआधी अंग मोज

जळगाव

प्रिय बापू,

तुझा निरोप आणि सायकलीचे फोटो मिळाले. गोव्याच्या ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं अशा सलग शर्यतीसाठी, तू बघितलेली पुण्याच्या त्या माणसाची ट्रायथलॉन बाइक दिसायला झकास आहे, चाकं चांगली आहेत, भावही वाजवी वाटतो. तरी एवढ्यात इसार देऊ नकोस. "माझी उंची पाच फूट नऊ, सायकल ५६ नंबरची, म्हणजे बसेलच," असं तू लिहिलंस. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून कागदच घेऊन बसलो.

आपल्याकडे सायकलीचं माप म्हटलं की अजून काळी सायकल आठवते. दुकानदार गिऱ्हाइकाकडे एकदा बघायचा आणि २२ इंची द्यायची की २४ हे ठरवायचा. ते माप सीटखालच्या नळीचं. ट्रायथलॉन बाइकवर त्या नळीला फारसा अर्थ उरलेला नाही, सीटपोस्ट हवा तेवढा वर घेता येतो. शिवाय एका कंपनीचा ५६ आणि दुसरीचा ५६ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. काही कंपन्या तर नुसतं एम, एल लिहून मोकळ्या होतात.

खरे आकडे दोनच, स्टॅक आणि रीच. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या नळीच्या, माथ्यापर्यंत सरळ उभी उंची म्हणजे स्टॅक. त्याच मध्यापासून त्याच माथ्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. पुढचा भाग किती उंच आणि किती लांब, हे यातून कळतं, आणि सीट कुठेही सरकवली तरी हे आकडे बदलत नाहीत.

आता तुझ्या अंगाकडे येतो. आपण दोघं उभे राहिलो की खांद्याला खांदा लागतो. पण चहाच्या टपरीवर बाकड्यावर शेजारी बसलो की तू माझ्यापेक्षा चांगलाच बुटका दिसतोस. तुझी उंची पायांत आहे, माझी पाठीत. माझं पायाच्या आतल्या बाजूचं, टाचेपासून जांघेपर्यंतचं माप ८० सेंटिमीटर. तुझं समजा ८६ भरलं. सीटच्या उंचीचा ढोबळ हिशेब म्हणजे या मापाला ०.८८३ ने गुणायचं. माझी सीट साडेसत्तरच्या आसपास येते, तुझी जवळपास ७६ वर. उंची एकच, पण सीटमध्ये पाच सेंटिमीटरचा फरक! तुझी सीट एवढी वर गेली की एअरोबारचे, म्हणजे वाकून हात टेकायच्या पुढच्या दांड्यांचे, कोपरांखालचे पॅडही त्या मानाने वर हवेत, आणि धड आखूड म्हणून ते जवळही हवेत. म्हणजे तुला स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली फ्रेम लागणार. मला नेमकी उलटी. त्या पुण्याच्या सायकलीचे हे दोन आकडे तू विचारलेसच नाहीत.

पॅड उंच करायला खाली स्पेसर, म्हणजे कड्या, घालता येतात, असं तो विकणारा सांगेल, आणि ते खरंही आहे. हेडट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे दहा मिलिमीटर स्पेसर घातला की बार वर येताना साधारण तीन मिलिमीटर मागेही येतो. तुझ्या बाबतीत ते सोयीचंच. पण त्याने फोर्कचा स्टीअरर, म्हणजे हेडट्यूबमधून वर येणारी नळी, कापून घेतला असेल तर स्पेसर घालणार कुठे? कापलेला कार्बन स्टीअरर पुन्हा वाढत नाही. म्हणून त्याला आधी हे विचार: स्टीअरर किती कापलाय, सीटपोस्ट कापलाय का, आणि बार व त्याला धरणारा स्टेम त्या कंपनीचेच खास आहेत की बाजारातला दुसरा स्टेम बसतो. मॉडेलचं वर्षही विचार, कारण नाव तेच ठेवून कंपन्या फ्रेमची मापं बदलतात.

ही सायकल अशी वेगळी का, हेही कळायला हवं. एअरोबार आले तेव्हा लोकांनी ते साध्या रोड बाइकवरच चढवले. सीट मागे असायची, कोपरं पुढे टेकली की मांडी पोटाला भिडायची आणि कंबर आखडायची. डॅन एम्पफील्ड यांनी १९८९ मध्ये क्विंटाना रू कंपनीची सुपरफॉर्म काढली. तिच्यात सीटची नळी उभी केली आणि स्वार क्रँकच्या वर पुढे आणला. स्टॅक आणि रीचने फ्रेम मोजायची पद्धतही त्यांनीच रुजवली. रोड बाइकवर सीटच्या नळीचा कोन ७२ ते ७४ अंश असतो, ट्रायथलॉन बाइकवर साधारण ७६ ते ८०. तुझ्या सीटच्या उंचीवर एक अंश म्हणजे जवळपास सव्वा सेंटिमीटर पुढे. असं पुढे सरकलं की धड खाली जातं तरी मांडी आणि धडातला कोन उघडा राहतो. ९० किलोमीटर सायकल संपवून गोव्याच्या उन्हात २१ किलोमीटर पळायचं असतं, तेव्हा याची किंमत कळते.

मापं घरीच घे. तुझ्या साइटवरचा ओळंबा आणि पाणसळ आण, त्याहून चांगलं साधन नाही. भिंतीला टाच लावून अनवाणी उभा राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर दाब, पाणसळ ठेवून पुस्तक सपाट कर आणि वहिनींना त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायला सांग. पुस्तक सैल धरलंस तर दोन सेंटिमीटर कमी येतील. मग खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मोज. हे माप लोक विसरतात. एअरोबारवर वजन कोपरावर येतं, त्यामुळे पॅड किती खाली जाईल ते दंडाच्या लांबीवर ठरतं. पुढच्या हाताच्या लांबीने फक्त एअरोबारची पुढची नळी किती लांब ठेवायची एवढंच ठरतं.

क्रँकची लांबीही बघ. विकणाऱ्याकडे १७२.५ मिलिमीटरचा आहे असं फोटोत दिसतं. पाय लांब आहेत म्हणून क्रँकही लांब हवा, हे मला पटत नाही. क्रँक पाच मिलिमीटरने आखूड केला की सीट तेवढी वर जाते, आणि पेडल वर येतं तेव्हा मांडीला दहा मिलिमीटर जास्त जागा मिळते. तुला आधीच कमरेचा त्रास आहे, १६५ लावून बघ.

वाऱ्याचं बोलायचं तर सपाट रस्त्यावर तिशीच्या वर वेग गेला की बहुतेक ताकद हवाच खाते, आणि त्यातला मोठा वाटा सायकलीचा नसून तुझ्या अंगाचा असतो. पारोळ्याकडून धुळ्याला येताना समोरून पश्चिमेचा वारा लागला की हे तूही अनुभवलंयस. म्हणून महागड्या चाकांपेक्षा तास-दोन तास न हलता टिकणारी बैठक महत्त्वाची. पॅडवरून दर पाच मिनिटांनी उठावं लागलं तर ती सायकल कितीही देखणी असो, उपयोग नाही.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. एअरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतो, तो खालच्या बारवर असतो. गिअर तेवढे टोकाशी. हायवेवर ट्रक आणि कापसाने भरलेले ट्रॅक्टर असताना तिथे कोपरं टेकू नकोस. सुरुवातीला पहाटे रिकाम्या रस्त्यावरच सराव कर, आणि हात खाली नेऊन ब्रेक धरायची सवय अंगात मुरू दे.

रविवारी इकडेच ये. माझी सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर, लावून ठेवतो, तिचे पॅड वर-खाली, पुढे-मागे सरकतात. तुला आरामात बसेल अशी बैठक आधी शोधू, मग क्रँकच्या मध्यापासून पॅड किती वर आणि किती पुढे आले ते ओळंब्याने मोजू. ते दोन आकडे हातात आले की त्या फ्रेमवर किती स्पेसर आणि केवढा स्टेम लागेल, हे कागदावरच दिसेल. चार-पाच सेंटिमीटर स्पेसर लागत असतील तर सरळ नाही म्हण, दुसरी मिळेल. बामणोदची वांगी आली आहेत, भरीत तर होईलच.

त्याआधी त्या माणसाकडून फ्रेमचा स्टॅक, रीच आणि स्टीअररचा जवळून काढलेला फोटो मागवून ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा