आई-बाबांना, मंडळीविषयी

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या मिळकतीचा वाद कोर्टात गेला तेव्हापासून बाबा रविवारी घरीच बायबल घेऊन बसतात. "ज्यांनी एकमेकांविरुद्ध खोटी प्रतिज्ञापत्रं केली त्यांच्या हातून मी प्रभुभोजनाची भाकर घेणार नाही. देव मला घरीही भेटतो." बाबा, तुमचं हे बोलणं मी कितीतरी दिवस मनात घोळवते आहे. फोनवर यावर धड बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. देव घरी भेटतो, हे खरंच आहे. मंडळी म्हणजे देवाला भेटायची जागा एवढंच असतं, तर मला पुढे काही लिहायचं नव्हतं.

ग्रीसमधल्या करिंथची मंडळी आठवा. इ.स. ५५ च्या सुमारास प्रेषित पौलाने इफिसाहून त्यांना पत्र लिहिलं, तेव्हा तिथे काय नव्हतं? मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे तट पडलेले. भावाभावांची भांडणं कोर्टात गेलेली. सहाव्या अध्यायात पौल त्यावरून त्यांची चांगलीच कानउघाडणी करतो. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात त्या भोजनाला, ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊनपिऊन घेत आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहत. याच लोकांना तो पत्राच्या आरंभी 'करिंथ येथील देवाची मंडळी' म्हणतो, 'ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले' म्हणतो. ज्याने बोलावलं तो पवित्र, म्हणून हे पवित्र. वागणुकीबद्दल काय ऐकवायचं ते तो पुढे ऐकवतोच, पण ऐकवण्याआधी त्यांना आपलं म्हणतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तुमचा प्रश्न सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या लोकांनीही विचारला होता, तोही जीव तोडून. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने छळ सुरू केला आणि ख्रिस्ती लोकांचे शास्त्रलेख जाळायला ताब्यात द्या, असा हुकूम निघाला. काहींनी प्राण दिले, ग्रंथ दिले नाहीत. काही बिशपांनी मात्र ते मुकाट्याने देऊन टाकले. छळ थांबल्यावर तिथला डोनाटिस्ट नावाचा गट म्हणू लागला की असल्या दगाबाजाने दिलेला बाप्तिस्मा खरा नाही आणि त्याने नेमलेला बिशपही खरा नाही. मला त्यांचं म्हणणं उथळ वाटत नाही. त्यांच्या ओळखीची माणसं त्या छळात मेली होती. हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याने त्यांना उत्तर दिलं की बाप्तिस्मा पेत्राने दिला काय किंवा येशूला दगा देणाऱ्या यहूदाने दिला काय, देणारा ख्रिस्तच असतो. येशूच्या दाखल्यात गहू आणि निदण, म्हणजे तण, कापणीपर्यंत एकाच शेतात वाढतात; आज उपटायला जाल तर गहूही उपटला जाईल. (याच ऑगस्टीनने पुढे डोनाटिस्टांवर सरकारी बळजबरी करायला संमती दिली. ते मला कधीच पटलं नाही. स्वतःच सांगितलेल्या दाखल्याशी तो तिथे टिकला नाही.)

खोट्या प्रतिज्ञापत्राला तुम्ही खोटंच म्हणा, बाबा. समितीपुढे उभं राहून म्हणा, मी तुमच्या बाजूने आहे. पण ती भाकर त्या माणसांची कधी नव्हतीच. तुमच्या लहानपणापासून जितक्या पाळकांनी ती तुमच्या हातावर ठेवली, त्यातल्या किती जणांच्या मनाची खात्री तुम्ही देऊ शकाल?

तुम्ही कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण देता, की त्यांनीही १९१७ साली मिशन सोडलंच. सोडलं, पण सोडून ते एकटे बसले नाहीत. त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला आपला गुरू मानणारे सगळेच यावेत. परदेशी मिशनच्या पगारावर आणि शिस्तीवर चालणारी मंडळी इथल्या मातीतली होत नाही, ही त्यांची तळमळ होती. म्हणजे त्यांना मंडळी अधिक हवी होती, अधिक मोकळी, अधिक आपली. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, दरबाराला पुरती दोन-तीन वर्षंही लाभली नाहीत. बाप्तिस्म्याची रेघ इतकी सैल करावी का, यावर माझं मन अजून ठरत नाही. एवढं मात्र नक्की, की एकट्याने ख्रिस्ती असण्याला टिळकांचा दाखला लागू पडत नाही.

इथे नागपुरात ऑल सेंट्स कॅथेड्रलवरून माझं रोज जाणं-येणं असतं. त्याच आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तुम्ही तेव्हा तरुण होता. अँग्लिकन, युनायटेड चर्चवाले, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश परंपरेतले मेथॉडिस्ट, डिसायपल्स. यातले काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, तर काही म्हणणारे की मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. सोळाव्या शतकात युरोपात याच मुद्द्यावरून ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांना नदीत बुडवून मारलं होतं. इथे दोन्ही रीती एकाच मंडळीत ठेवायचं ठरलं. बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. चाळीस वर्षं माणसं एका टेबलाशी बसत राहिली, त्यातली कितीतरी मधेच वारली. हे आठवलं की आपल्याकडच्या भांडणाने मी खचत नाही.

आणि ही एवढी खटपट कशासाठी? योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू प्रार्थना करतो, की त्या सर्वांनी एक व्हावं, म्हणजे जग विश्वास ठेवील. जगासाठी. नाझींच्या तुरुंगातून जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९४४ मध्ये लिहिलं की मंडळी इतरांसाठी असते तेव्हाच ती मंडळी असते. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिलं गेलं. बाबा, पणजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितलीत. त्या माणसाने नगरच्या चर्चमध्ये ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाच्या बाजूला बसून एकाच प्याल्यातून द्राक्षरस घेतला. ज्यांनी एकमेकांना निवडलं नाही अशी माणसं देव एकत्र आणतो आणि जगाला सांगतो, बघा, हे होऊ शकतं. घरात एकट्याने कितीही वाचन केलं तरी हे दाखवता येत नाही. जात आपल्यातूनही पुरती गेलेली नाही, लग्न जुळवायची वेळ आली की ती डोकं वर काढते. म्हणून तर तो प्याला अजून लागतो.

आई, आता तुझ्याविषयी. गुडघ्यांमुळे तुला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि "आता माझा मंडळीला काय उपयोग" असं तू म्हणतेस. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या एका ख्रिस्ती शिक्षकाने सम्राटाला लिहून कळवलं होतं की आम्ही रविवारी काय करतो. शहरातले आणि खेड्यातले एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, बोध होतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षरस वाटला जातो. मग तो लिहितो की जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डिकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्याकडे घेऊन जातात. ज्यांची ऐपत आहे ते स्वखुशीने देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावाहून आलेले यांना मदत होते. बिशप, इमारत, मिळकत, संविधान यांच्यातलं फारसं काही त्या वर्णनात नाही, पण न आलेल्यांचा वाटा आहे. ही काही नंतर सुचलेली सोय नाही, सुरुवातीपासूनची रीत आहे. आणि पौल तर म्हणतो की शरीराचे जे अवयव अशक्त दिसतात तेच आवश्यक असतात. गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या आजारी माणसाचं नाव घेऊन तू पहाटे प्रार्थना करतेस, हे मंडळीचंच काम चालू आहे.

मी तुमच्या पाळकसाहेबांशी बोलले. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर ते आईसाठी प्रभुभोजन घेऊन घरी येतील. सोबत समितीतलं कुणीतरी असेल. कोण, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या तटातला माणूसही असू शकेल. बाबा, त्याला बसायला सांगा. कोर्टाचं त्या दिवशी काढू नका, नंतर हवं तर मीही येते समितीपुढे. आणि भाकर तुमच्यासमोर आली, तर आईबरोबर घ्या.

तुमची,
लेक