प्राणवायूच्या आधीची पृथ्वी

चोपडा, जि. जळगाव

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

ज्या ग्रहाच्या हवेत प्राणवायू नाही तो निर्जीवच समजायचा का, असे तू धुळ्याहून विचारले आहेस. माझे उत्तर ठाम नकाराचे आहे आणि त्याला साक्ष आपल्याच पृथ्वीची आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सूक्ष्मजीवांनी घडवलेले थरांचे खडक, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हवेत प्राणवायू साठू लागला तो मात्र सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. मधल्या काळात कोणी दुरून केवळ प्राणवायू शोधला असता, तर जीवांनी भरलेली ही पृथ्वी त्याने ओसाड ठरवली असती.

उनपदेवच्या गरम पाण्याच्या पाटात दगडांवर बसलेला हिरवट, बुळबुळीत थर तुला आठवत असेल. असाच थर उथळ पाण्यात गाळाचे कण धरून ठेवतो, त्यावर क्षार साचतात, खालचे जीव प्रकाशासाठी वर सरकतात आणि नवा थर धरतो. म्हणून असा खडक कापला की मांड्यासारखे पदर दिसतात. पिलबाराच्या त्याच खडकांत जमिनीवरील उष्ण झऱ्यांच्या खुणाही मिळाल्या आहेत, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला.

मग दूरच्या ग्रहांवर शोधायचे काय? माझ्या मते मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र, पण कार्बन मोनॉक्साइड अत्यल्प, ही खूण अधिक मोलाची आहे. ताऱ्याच्या प्रकाशाने मिथेन सतत नष्ट होतो, त्यामुळे तो टिकून असेल तर कोणीतरी त्याची भर घालत असले पाहिजे. ज्वालामुखींनी तेवढा मिथेन ओकला, तर सोबत बहुधा कार्बन मोनॉक्साइडही भरपूर आला असता.

मंगळावर जेझेरो विवरात 2021 पासून फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स यानाला एका खडकावर गडद कडांचे ठिपके आढळले, आणि त्यांत लोहाची फॉस्फेट व सल्फाइड खनिजे असावीत, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. पृथ्वीवर प्राणवायूविना चिखलात जगणारे सूक्ष्मजीव अशी खनिजे घडवतात, पण ती जीवांवाचूनही घडू शकतात. घाई करू नये, असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या हाताशी असलेल्या प्राचीन खडकांवरही अभ्यासकांनी अनेक दशके वाद घातला आहे. त्या खडकाचा नमुना नळीत बंद होऊन अजून मंगळावरच आहे. तो येथे आणून त्यातील गंधकाच्या हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण मोजता आले, तर ठिपके कोणी घडवले याचा निवाडा करणे पुष्कळ सोपे होईल.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
भास्कर