पातेली मोजायला लावलीत, त्याबद्दल

सुतारकाका,
स. न. वि. वि.

काम संपलं त्या दिवशी तुम्ही हत्यारं पिशवीत भरत होता आणि मी भुसा झाडत होते. घाईघाईत नुसतं "छान झालं हं काका" म्हणाले. एवढ्यावर भागणार नाही हे तेव्हाच कळत होतं. आता सहा महिने झाले, नवं स्वयंपाकघर अंगवळणी पडलं, म्हणून सावकाश लिहायला बसलेय. उघडच लिहितेय, कारण सध्या ज्यांच्या घरात तोडफोड चाललीये त्यांनीही वाचलं तर बरंच.

पहिल्या भेटीत मी तुमच्यापुढे ऐटीत एक चित्र ठेवलं होतं. वर एकसारखी दारं, खाली एकसारखी दारं, हँडल कुठेच नाही. तुम्ही चित्राकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.
"ताई, यात ठेवणार काय?"
"भांडी."
"कुठली?"
आता आली का पंचाईत! रोज हातात घेते ती भांडी, पण किती आणि केवढी हे काही सांगता येईना. तुम्ही चित्राची घडी घालून परत दिलंत आणि म्हणालात, आधी सगळं बाहेर काढा, मग मला बोलवा.

खरं सांगते, राग आला होता. मागच्या खेपेला ज्यांनी काम केलं ते तासाभरात मापं घेऊन गेले होते, किती चटपटीत माणसं असं तेव्हा वाटलं होतं. त्या चटपटीतपणापायी सिंकखालचा ड्रॉवर पाइपाला अडून अर्धाच उघडायचा, आणि कोपऱ्यातल्या दोन ड्रॉवरांची हँडलं एकमेकांवर आपटायची. एक उघडायचा तर दुसरा आधी बंद करा. नऊ वर्षं काढली तशी.

म्हणून मुकाट्याने सगळं खोक्यांत भरलं. तुमचा नियम असा, की लागेल ती वस्तू खोक्यातून काढायची आणि वापरून झाली की टेबलावरच ठेवायची, परत खोक्यात नाही. पंधरा दिवसांनी टेबल भरलं होतं, पण खोकी अजून निम्मी भरलेलीच. तीन खोक्यांची तर चिकटपट्टीही निघाली नव्हती. त्यातलं काय दिलं, काय टाकलं, ते सांगत बसत नाही, घरात त्यावरून अजून बोलणी खाते.

मग तुम्ही आलात ते वर्तमानपत्रांची रद्दी घेऊन. तो दिवस मी विसरणार नाही. फरशीवर बसून तुम्ही हिशोब मांडलात. कपाट बाहेरून ९०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंचा प्लाय १८-१८चा, म्हणजे आतून ८६४. ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांना, म्हणजे चॅनेलला, दोन्हीकडे मिळून २६ गेले, उरले ८३८. ड्रॉवरच्या स्वतःच्या दोन फळ्या १२-१२च्या, हातात आले ८१४. पुढून मागे खोली म्हणाल तर ओटा ६०० असला तरी चॅनेल ५००ची, त्यातून पुढची-मागची फळी वजा जाता ४७६. मी मनात ९०० गुणिले ६०० धरून बसले होते! दोन पेपर चिकटवून तुम्ही बरोब्बर ८१४ बाय ४७६चा कागद कापलात, फरशीवर पसरलात आणि म्हणालात, "हा तुमचा ड्रॉवर. भरा."

मी त्यावर भांडी मांडली. पेन्सिलीने प्रत्येकाभोवती रेघ ओढत तुम्ही गुडघ्यांवर सरकत होता. कुकर ठेवला आणि त्याचा दांडा कागदाबाहेर गेला. फिरवून तिरका ठेवला, तर मोठं पातेलं बसेना. चार वेळा मांडामांड केली तेव्हा कुठे मेळ बसला. मग उंच्या मोजल्या, झाकणासकट आणि झाकणाच्या मुठीसकट. ती मूठ मी एकटी असते तर नक्की विसरले असते. अशा सहा कागदांचे सहा ड्रॉवर फरशीवर झाले. आमचं स्वयंपाकघर आधी रद्दीत तयार झालं आणि मगच प्लायवर करवत चालली.

खाली दारं की ड्रॉवर, यावर आपलं वाजलं होतं, आठवतं? दारं दिसायला बरी म्हणून मी अडून बसले होते. तुम्ही मला जुन्या कपाटातून सगळ्यात मागचं पातेलं काढायला सांगितलंत. मी वाकले, पुढची तीन भांडी बाहेर काढली, गुडघा टेकला, डोकं आत घातलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग मीच म्हटलं, बरं, करा ड्रॉवर. पण पूर्ण बाहेर येणारीच चॅनेल हवी हा हट्ट तुमचा, आणि तो रास्त होता. पाऊण उघडणाऱ्या ड्रॉवरात मागचा पाव भाग पुन्हा अंधारातच राहतो. झाकणं मात्र उभी ठेवायची, हे डोकं माझं. श्रेय घेतेच.

कोपऱ्यात तुम्ही ५० मिलिमीटरची पट्टी सोडलीत तेव्हा मला जागा वाया गेल्यासारखी वाटली. आता दोन्हीकडचे ड्रॉवर एकदम उघडतात आणि हँडलं एकमेकांना शिवतही नाहीत. नऊ वर्षांचं दुखणं दोन बोटांच्या पट्टीने गेलं म्हणायचं. सिंकखाली तुम्ही ड्रॉवर केलाच नाहीत, बॅटरी धरून पाइपाची वळणं पाहिलीत आणि तिथे कचऱ्याचा डबा आणि फिनेलच्या बाटल्या एवढंच ठेवायचं ठरवून टाकलंत.

ओट्याची उंचीही तुम्ही माझ्या कोपरावरून घेतलीत. हात दुमडून उभी राहिले, जमिनीपासून कोपर १०१० भरलं, त्यातून १३० वजा करून ओटा ८८०. पायाशी १२० उंच खाच ठेवलीत, पावलं आत जावीत म्हणून. संध्याकाळी पाठ भरून यायची ती आता येत नाही. घरातले उंच लोक भांडी घासताना कुरकुरतात. घासतात किती वेळा, हा प्रश्न वेगळा.

तुम्ही एकदा हसत म्हणाला होता, की स्वतः कधी गॅससुद्धा पेटवला नाही. तेव्हा मी मनात म्हटलं, मग यांना एवढं कळतं कसं? नंतर वाचनात आलं, की १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या घरकुलांसाठी ज्यांनी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, त्या वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनीही आधी कधी स्वयंपाक केला नव्हता. तसं त्यांनीच पुढे सांगितलं. रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी अभ्यासलं, कामाला लागणारा वेळ आणि पावलं मोजली, आणि कोरड्या जिनसांसाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे खण एकाखाली एक बसवले. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. म्हणजे करणाऱ्यापेक्षा निरखून पाहणाऱ्याला जास्त दिसत असावं. हे तुम्हाला कळवायचं होतं.

एक तक्रारही लिहिते, नाहीतर तुम्हाला पत्र खोटं वाटेल. वरची कपाटं छतापर्यंत नेऊ नका असं मी म्हणत होते, तुम्ही नेलीत. वर धूळ साचणार नाही हे तुमचं म्हणणं खरं ठरलं. पण सगळ्यात वरच्या कप्प्यात काय आहे ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. ती तीन खोकीच पुन्हा वर जाऊन बसली आहेत, अशी शंका आहे.

आणि हो, डावीकडचं वरचं दार गेल्या आठवड्यात जरा खाली उतरलं होतं, शेजारच्या दाराला घासत होतं. तुम्हाला फोन लावणार होते. मग आठवलं, जाताना तुम्ही बिजागरीचे स्क्रू दाखवले होते, कुठला फिरवला की दार बाजूला सरकतं, कुठला फिरवला की पुढे-मागे आणि कुठला फिरवला की वर-खाली. शेवटचा अर्धा वेढा फिरवला, दार रेषेत आलं. तुमचा विसरलेला स्क्रू ड्रायव्हर वापरला. तो वरच्या छोट्या ड्रॉवरात डाव्या बाजूला ठेवलाय, याल तेव्हा घेऊन जा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई